एनए बाई

एनए बाईंच्या खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यावर त्या स्वतः बसत. शिपायाने चुकून दुसरी आणून ठेवलीच तर तिच्यावर त्या पुस्तकांचा ढीग रचत. विद्यार्थी असो, विद्यार्थ्याचे वडील असोत, नाहीतर शेजारच्या विभागाचे प्रमुख असोत, सगळ्यांनी उभं राहूनच बोलायचं. "बसायला मिळालं की माणूस कारणं सांगायला लागतो. उभ्या माणसाचं बोलणं आखूड असतं," असं त्या म्हणायच्या. माझी पीएचडी झाली ती अशी उभ्याउभ्याने झाली. पाय भरून आले की मी या पायावरचा भार त्या पायावर घ्यायची, तेवढंही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. "काय गं, बस सुटली का तुझी?"

बाई नांदेडला संख्याशास्त्र शिकवायच्या. मूळच्या उदगीरच्या, भुसार दुकानदाराच्या लिंगायत घरातल्या. घरी अर्धी मराठी, अर्धी कानडी, त्यामुळे समोरच्याने काही सबब सांगितली की त्यांच्या तोंडून "हौदा?" असा शब्द निघे. अर्थ साधाच, "असं होय?" पण तो ऐकला की भलेभले सबब अर्धवट सोडून द्यायचे. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

आकडेवारीच्या कामाची आर नावाची संगणकभाषा आहे, ती त्या आम्हाला शिकवत. आमच्याकडे बैलाला टोचायच्या काठीच्या टोकाला जो खिळा असतो त्यालाही आरच म्हणतात. शेतकऱ्यांच्या पोरांना पहिल्याच तासाला दोन्ही एकच वाटायचं आणि बाई तो गैरसमज कधी दूर करत नसत. या भाषेत जी माहिती मिळालेली नाही तिच्या जागी एनए अशी दोन अक्षरं येतात. बाईंचा त्या दोन अक्षरांवर फार जीव. वर्गात कुणी उत्तराची जुळवाजुळव करायला लागलं की त्या हात वर करून थांबवत, "येत नाही ना? मग एनए म्हण आणि खाली बस. थाप मारू नकोस." लातूर-नांदेडच्या रस्त्याने भिंतीभिंतीवर 'एनए प्लॉट विकणे आहे' असं रंगवलेलं असतं, म्हणजे बिगरशेती झालेली, सोन्याच्या भावाची जमीन. तेव्हा पोरांनी त्यांना एनए बाई हे नाव ठेवलं यात नवल नव्हतं. हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "बरं आहे. निदान भाव तरी आहे मला."

विद्यार्थ्यांना त्या नावाने हाक मारत नसत. "नावं काय, दर साली तीच ती येतात," म्हणायच्या आणि गावाने हाक मारायच्या. ए देगलूर, ए हिमायतनगर. मी मुरुडची, म्हणून मी मुरुड. पुढेपुढे आमच्या कानांना इतकी सवय झाली की खरं नाव कुणी घेतलं तर आम्ही मागे वळून बघायचो. एकदा एक मुलगी वर्गात रडायला लागली. देगलूरची होती, मराठीत लिहिताना अडखळायची, आणि बाईंनी तिचा पेपर सगळ्यांपुढे वाचला होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "देगलूर, रडायचं तर व्हरांड्यात जा. कीबोर्ड सरकारी आहे." ती गेली आणि परत आली. शिकली, आज हैदराबादेत चांगल्या जागी आहे. तरी मी त्या वाक्याचं समर्थन कधी करणार नाही. गोड माणसं शिकवत नाहीत असं कुठे आहे? बाईंना गोड होता येत नव्हतं, एवढंच खरं.

मात्र त्यांचा फटका गरीब बघून बसायचा नाही, हेही सांगायला हवं. एकदा कुठल्याशा कार्यालयातले मोठे साहेब आले. त्यांच्या तक्त्यात बऱ्याच जागा रिकाम्या होत्या आणि वर पाठवायची घाई होती. उभ्यानेच म्हणाले, "मॅडम, रिकाम्या जागी सरासरी टाकून द्या की. कुणाला कळतंय?" बाई म्हणाल्या, "हौदा? तुम्ही ज्या दिवशी ऑफिसात येत नाही त्या दिवशी तुमच्या खुर्चीत सरासरी साहेब बसवतात का? त्यानं सही केलेली चालते?" साहेबांचा चेहरा कणकेसारखा झाला. ते गेल्यावर विभागप्रमुख आठवडाभर बाईंशी बोलले नाहीत. बाईंच्या ते लक्षातही आलं नाही.

लांबी वेगवेगळी असलेल्या दोन याद्या एकमेकींना जोडल्या की काय होतं, हा त्यांचा आवडता धडा. तो त्या फळ्यावर शिकवत नसत, मैदानात शिकवत. उन्हात आमच्या दोन रांगा उभ्या करायच्या, एक लांब आणि एक तिच्या निम्मी. समोरासमोर जोड्या लावायच्या. आखूड रांग संपली की तिच्यातल्या एकेका मुलाने पहिल्यापासून धावत मागे जाऊन पुन्हा उभं राहायचं. बाई ओरडायच्या, "तू कोण?" तो म्हणायचा, "हिमायतनगर." "नाही. आता तू दुसरा कुणीतरी. तोंड बंद ठेव आणि उभा राहा." आखूड रांग अशी दोनदा वापरून झाली की सगळ्यांना जोडी मिळालेली असायची. लांबून बघणाऱ्याला काही खोट दिसली नसती. "बघितलं? यंत्राला लाज नसते. यादी कमी पडली की ते पुन्हा वरून सुरू करतं. लांब यादीला आखूड यादीनं पूर्ण भाग गेला नाही तर निदान कुरकुरतं. पूर्ण भाग गेला तर ब्र काढत नाही. तेव्हा कुरकुरीला भिऊ नका, गप्पपणाला भ्या." आम्ही घामाने निथळत हसत होतो. हिमायतनगर धावताना पडला आणि त्याचं कोपर फुटलं, तर म्हणाल्या, "हे आता परीक्षेत विसरणार नाही."

तो धडा मीच विसरले.

माझा प्रबंध विहिरींवर होता. मुरुडपासून आसपासच्या गावांतल्या विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी मोजायचं आणि मग दिवाळीच्या सुमाराला पुन्हा मोजायचं. चुलतभावाच्या मोटरसायकलवर मागे बसून, दोराला वजन बांधून मी हे काम केलं. पहिल्या फेरीत सगळ्या विहिरी मोजून झाल्या. दुसऱ्या फेरीत मात्र कुठे झाकण घातलेलं, कुठे मालक परगावी, कुठे दोर टेकला तो सरळ तळाच्या गाळाला. अशा विहिरी मी सोडून दिल्या आणि मिळालेले आकडे तेवढे एकाखाली एक लिहीत गेले. क्रम तर डोक्यात आहे, विहिरींचे नंबर कशाला लिहा, असं वाटलं. नंतर आरमध्ये दोन्ही याद्या शेजारीशेजारी जोडल्या. दुसरी यादी पहिलीच्या नेमकी निम्मी भरली होती. यंत्राने ब्र काढला नाही. आलेख सुंदर आले. मी ते रंगीत छापून घेतले.

बाईंनी तक्ता हातात घेतला, एकदा वरून खाली पाहिलं आणि बाहेर बसलेल्या सगळ्या पोरांना आत बोलावलं. मग तक्ता माझ्याकडे दिला. "मुरुड, दिवाळीचे आकडे मोठ्यानं वाच."

मी वाचायला लागले. निम्म्यावर आले आणि जीभ अडखळली. तेच आकडे पुन्हा येत होते, त्याच क्रमाने, पहिल्यापासून.

"थांबलीस का? वाच की."

"बाई, माझ्या लक्षात आलं."

"तुझ्या आलं. ह्यांच्या यायचंय. शेवटपर्यंत वाच."

मी शेवटपर्यंत वाचलं. इतका वेळ लागला की बाहेरून जाणारे लोक डोकावून जाऊ लागले. वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "गळा बरा आहे तुझा. पाढे म्हणायच्या शिकवणीत नोकरी मिळेल." कुणी हसलं नाही. मला तेव्हा त्या बाईंचा गळा दाबावासा वाटला होता, आणि हे मी आज त्या नसताना लिहिते आहे म्हणून नव्हे, तेव्हाही त्यांच्या तोंडावर सांगितलं असतं, फक्त उभी राहून राहून पायांत त्राण उरलं नव्हतं.

दोन दिवसांनी मी दुरुस्ती करून नेली. आता आखूड यादी पुन्हा वरून सुरू होत नव्हती. कमी पडलेल्या सगळ्या जागा मी शेवटी एनएने भरल्या होत्या. मला वाटलं, बाईंची लाडकी अक्षरं बघून तरी त्या निवळतील. त्यांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "ह्या सगळ्या इथं कशा जमल्या?"

"माहिती नसलेल्या विहिरी आहेत, बाई."

"ह्याच विहिरींची माहिती नव्हती? नेमकी शेवटच्यांची? का जिथं काही नाही त्यांना गावाबाहेर नेऊन बसवायची सवयच आहे आपल्याला? मुरुड, रिकामी जागा जिची असते तिच्यापुढंच राहते. जी विहीर तू सगळ्यांत आधी सोडलीस तिथून पुढचं सगळं पाणी सरकलंय. ह्याचं त्याच्यात, त्याचं हिच्यात. विहिरींचे नंबर आण, नंबराला नंबर लावून जोडू."

नंबर नव्हते. ज्या क्रमाची मला एवढी खात्री होती तो आता डोक्यातही नव्हता. म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत थांबायचं आणि पुन्हा दोर सोडत हिंडायचं. एक वर्ष.

आणि ते एक वर्ष माझ्याकडे नव्हतं. मी लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. तासिका तत्त्वावर म्हणजे काय ते ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांना विचारा: शिकवणं पूर्ण, माणूस अर्धा. त्या कॉलेजात संख्याशास्त्राची एक कायमची जागा बऱ्याच वर्षांनी निघणार होती. प्राचार्यांनी स्वतः सांगितलं होतं, पदवी हातात असेल तर तुमचा विचार नक्की होईल. प्रबंध त्या महिन्यात जमा झाला तरच पदवी वेळेत मिळणार होती. बाकी सगळं तयार होतं, बाईंची सही तेवढी राहिली होती. तपासणारे लोक विहिरींचे आकडे उलटून बघणार नाहीत, हे मला माहीत होतं आणि बाईंनाही माहीत होतं. तसं मी त्यांना म्हणालेही. "हौदा?" त्या म्हणाल्या आणि दुसऱ्याचा पेपर तपासायला घेतला.

घरी सांगितल्यावर आई म्हणाली, "मी येते. बाईमान्सानं बाईमान्साला समजून घेतलं पायजे." मी नको नको म्हणत असताना तिने धपाटे बांधले, नवी साडी नेसली आणि मुरुडहून लातूर, लातूरहून नांदेड असा प्रवास करून आम्ही रविवारी बाईंच्या घरी पोचलो.

घरी बाई वेगळ्या असत असं नाही, पण घरी त्या खायला घालत. रविवारी आम्हा पोरांना त्या फुकट शिकवायच्या आणि चुरमुऱ्याची सुशीला करायच्या, तिखटजाळ. "खा. उपाशी माणूस दुप्पट चुका करतो." आईलाही त्यांनी सतरंजीवर बसवून सुशीलाची ताटली दिली. आईने ती बाजूला सारली.

"बाई, एक सही करा की. लेकराचं वरीस वाया जाऊन राहिलं. जागा काय रोज निघती का? वय बी चाललंय तिचं."

बाईंनी माझा तक्ता काढला. "अक्का, तुमची विहीर आहे ना ह्याच्यात?"

"हाय की. पयल्यांदा तिथंच दोर सोडला हिनं."

"दिवाळीत पाणी होतं?"

"कुठलं पाणी? तळातले दगड दिसून राहिले होते. औंदा पाऊसच झाला न्हाई."

"मोजता आलं नाही म्हणजे तुमच्या विहिरीपुढं इथं एनए पाहिजे होतं."

आईचा चेहरा एकदम फुलला. ती माझ्याकडे वळली. "एनए? आपली जिमीन एनए झाली? कवा झाली गं? मला कुणीच कसं सांगितलं न्हाई? रोडच्या कडंचीच हाय बाई आमची, लई भाव हाय तिकडं!"

मी मान खाली घातली. वर्गात हा विनोद झाला असता तर आम्ही लोळून हसलो असतो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आईचा आनंद क्षणभर तसाच राहू दिला आणि मग मोडला.

"नाही अक्का. ते एनए वेगळं. हे एनए म्हणजे ठाऊक नाही. आणि तुमच्या पोरीनं तेही लिहिलं नाही. दुसऱ्या कुणाच्या विहिरीतलं पाणी तुमच्या विहिरीत पडलंय इथं. भरपूर पडलंय."

आईला ते कळायला वेळ लागला. मग ती हळूच म्हणाली, "पडू द्या की बाई. कागदावर तरी पडू द्या."

मला वाटलं, आता बाई विरघळतील. कुणीही विरघळलं असतं. बाई आईच्या बोलीत म्हणाल्या, "कागदावर पाणी दिसलं की टँकर येत न्हाई, अक्का. उद्या कुणी हाच कागद फायलीला लावला तर तुमच्या गावात काय उत्तर देणार तुमी?"

आई बराच वेळ त्या तक्त्याकडे बघत बसली. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. शेवटी तिने ताटली ओढली, सुशीला संपवली, ताटली धुऊन ठेवली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "मग नका करू सही."

परतीच्या गाडीत लोहा गाव मागे पडलं. तेव्हा आई खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली, "सगळ्या जगाच्या हिरी मोजल्यास. आपली दिसली न्हाई का गं तुला?" बाईंनी वर्षानुवर्षं जे बोल लावले त्यातला एकही मला एवढा लागला नव्हता.

पुढच्या दिवाळीत मी पुन्हा हिंडले. एके दिवशी गुडघे धरत धरत बाई स्वतः मुरुडला आल्या. विहिरीच्या काठावर छत्री घेऊन उभ्या राहिल्या आणि "दोर नीट सोड, लाजतेस काय विहिरीला?" म्हणून माझ्यावर खेकसत राहिल्या. आईने अंगणात खुर्ची टाकली तर मुकाट्याने बसल्या. मला वाटलं आता काहीतरी सांगतील. त्यांनी चहा मागितला.

तोवर लातूरच्या जागेची जाहिरात आली आणि जागा भरलीही. एक तरुण मुलगा लागला. त्याच्या प्रबंधात काय आहे ते मी पाहिलेलं नाही, पाहायची हिंमत नाही. मी बाईंना फोन करून सांगितलं, आणि सांगताना मला रडू आलं. मग त्या म्हणाल्या, "आता घाई संपली ना? मग दुसरं प्रकरण पुन्हा लिही. त्यातली भाषा फार फुगलीय." मी फोन आपटला. दुसरं प्रकरण मात्र पुन्हा लिहिलं, आणि ते पहिल्यापेक्षा चांगलं झालं, हे मला त्यांना कधी सांगावंसं वाटलं नाही. पदवी मिळाली. जागा पुन्हा निघाली नाही. आजही मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावरच आहे, आणि तो मुलगा मला वेळापत्रक देतो.

बाई निवृत्त झाल्या आणि लगेचच आजारी पडल्या. हिमायतनगरचा फोन आला, ये म्हणाला, फार दिवस नाहीत. मी तास सोडून नांदेडला गेले. दवाखान्यातल्या त्या खाटेवर बाई लहान दिसत होत्या, नजर तेवढी तीच होती. खाटेशेजारी स्टूल होतं. मी सवयीने उभीच राहिले, तर डोळ्यांनीच बस म्हणाल्या.

इतकी वर्षं मनात ठेवलेलं मी विचारून टाकलं. "बाई, त्या दिवशी सही केली असती तर?"

"तर तू आज पर्मनंट असतीस."

मी वाट बघत राहिले. पुढे काहीतरी येईल असं वाटलं: पण तू चांगली शिक्षिका झालीस, पण काम खरं झालं, पण मला वाईट वाटलं. पुढे काही आलं नाही. माझं काय गेलं ते त्यांना पहिल्या दिवसापासून पुरेपूर माहीत होतं. ते लपवायची किंवा त्यावर गोड बोलायची त्यांना गरज वाटत नव्हती.

"आणि पुन्हा तशीच वेळ आली तर?"

"नाही करणार," बाई म्हणाल्या. त्यांनी चादरीतून हात काढला, माझं मनगट धरलं आणि डोळे मिटले.

मला त्यांचा राग येत होता. तो आजही येतो. मला तेव्हा नोकरी हवी होती, खरेपणा नको होता, आणि हे मी कुणापुढेही कबूल करीन. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, बाकीचे लोक उठून गेले. मी हलकेच हात ओढून पाहिला. बाईंना झोप लागली होती, पण पकड सैल होत नव्हती. शेवटी नर्स आली आणि तिने त्यांचं एकेक बोट सोडवलं, तेव्हा मला उठता आलं.